चातुर्मासातलं लग्न

आमच्या घरात येणाऱ्याला आधी वास भेटायचा आणि मग माणसं. पनवेलच्या बाजारात बाबांचा सुक्या मासळीचा गाळा होता आणि गाळ्यात न मावणारा माल आमच्या पुढच्या खोलीत गोणपाटांवर पडलेला असायचा. सुकट, सोडे, बोंबील, खारवलेले बांगडे. पाहुणा आला की आई पायाने दोन गोणपाटं सरकवून त्याला बसायला जागा करून द्यायची आणि आधी वास घ्यायचा की आधी चहा, असा त्याचा चेहरा व्हायचा. मला लहानपणी त्या वासाचं काहीच वाटत नव्हतं. कॉलेजात गेल्यावर वाटायला लागलं. वर्गात माझ्या शेजारी बसलेली मुलगी दुसऱ्या दिवशी पुढच्या बाकावर जाऊन बसली, तेव्हा मी घरी येऊन सगळे कपडे पुन्हा धुतले आणि माडीवर वाळत घातले. ठमाआत्या खालून बघत होती. म्हणाली, पोरी, मासळीनं शिकवलंय तुना, मासळीला लाजू नको. मी कपडे माडीवरच ठेवले.

ठमाआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचा नवरा करंज्याला बोटीवर होता, घरी असण्यापेक्षा पाण्यावर जास्त. मूलबाळ नव्हतं. त्यामुळे ती वर्षातले बरेच महिने आमच्याकडेच असायची. पहाटे तांदळाच्या पिठाची उकड मळतानाचा तिच्या बांगड्यांचा आवाज हाच आमच्या घरातला गजर. भाकरी ती हातावर थापायची, पोळपाट लागत नसे. त्या भाकरीवर जवळ्याची चटणी आणि वर कच्च्या तेलाची धार, एवढ्यावर आम्ही कॉलेजला, कामाला, जिकडे जायचं तिकडे जायचो. तापट होती. शेजारणीशी पाण्यावरून भांडली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. बाबा सुद्धा तिच्यापुढे आवाज खाली करून बोलायचे.

पण गल्लीत, आणि पनवेलपासून गव्हाणपर्यंतच्या आमच्या आगरी गावांत, तिला मान होता तो वेगळ्या कारणाने. ती धवलारीण होती. आमच्यात पूर्वी लग्न लावायला भटजी नसायचा. लग्न लावायची ती धवलारीण, आणि ते मंत्रांनी नाही, गाण्यांनी. त्या गाण्यांना धवले म्हणतात. मांडवाची मेढ पुरल्यापासून नवरी घराबाहेर पडेपर्यंत प्रत्येक गोष्टीचा धवला वेगळा. आत्याला हे तिच्या सासूने शिकवलं होतं. अक्षर एक येत नव्हतं, पण एकदा बसली की ती तासन्‌तास गायची. तो आवाज गोड नव्हता. जरा घोगरा, एकाच पट्टीत चाललेला. लोक त्याने डोलत नसत, गप्प होत. सुरुवातीला ती एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलवायची. गावदेवी, कुलदेवी, समुद्र, उंबर, मेलेले पूर्वज, सगळ्यांना. मी लहान असताना एकदा हट्ट धरला होता की मला आत्ता, स्वयंपाकघरात, धवला म्हणून दाखव. तिने लाटणं उगारलं. देवांना हाक मारायची आणि ते आले की सांगायचं काय, लगीन नाय, पोरीला गंमत पायजे होती? लग्नाशिवाय ती कधीच गायची नाही, गुणगुणायची सुद्धा नाही. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, जसं चूल कुठे आहे हे ठाऊक असतं.

माझा जीव मात्र त्या वर्षांत अडकला होता तो एका मासिकात. मुंबईहून निघणारं ते बायकांचं मासिक आमच्या वाचनालयात यायचं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते आता बंद पडलंय आणि बंद पडलेल्यांशी भांडण्यात अर्थ नसतो. दिवाळीच्या सुमाराला त्याचा लग्नविशेषांक निघायचा. मधली पानं रंगीत आणि गुळगुळीत. त्यांत चार-पाच लग्नं असायची, फोटोंसकट. नवरी कोण, नवरा कोण, ओळख कशी झाली, शालू कुठला, पंगतीत काय होतं. मी ती पानं इतकी वाचायचे की ग्रंथपाल मला अंक घरी नेऊ द्यायचे नाहीत. पण पुण्याचं लग्न, कोल्हापूरचं लग्न, गोव्याचं लग्न असं सगळं असताना आमच्यातलं लग्न मात्र कधीच नसायचं. एका वर्षी राग आला आणि मी संपादकांना तसं पत्र लिहिलं. आत्याबद्दलही लिहिलं. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. पण आलं, आणि त्यात मला मुंबईच्या कार्यालयात भेटायला बोलावलं होतं. मी एसटीने गेले. जाताना अंगाला इतकी पावडर लावली होती की आई म्हणाली, पिठात पडलीस का.

लग्नविशेषांकाचं काम बघायच्या त्या विजयाताई. हातमागाची साडी, मोठं कुंकू, खणखणीत हसणं. मला त्या पहिल्याच भेटीत आवडल्या, हे आज लिहिताना दात-ओठ खावेसे वाटतात, पण आवडल्या हे खरं. त्यांच्या टेबलावर वाचकांनी पाठवलेल्या लग्नांच्या फोटोंची रास होती. त्या म्हणाल्या, बस, निवडायला मदत कर. पत्त्यांचा डाव मांडावा तसे त्या फोटो मांडत होत्या आणि उचलून बाजूला टाकत होत्या. नवरीचे डोळे मिटलेत, गेलं. मागे ट्यूबलाइट दिसते, गेलं. लोखंडी खुर्च्या, गेलं. नवऱ्याचं पोट. दागिने खोटे वाटतात. आत्ता बाजूला पडलेलं प्रत्येक पाकीट कोणीतरी लाळेने चिकटवून, पत्ता दोनदा तपासून टपालात टाकलं असेल आणि तिकडे घरात रोज पोस्टमनची वाट बघत असतील, असं मला वाटत होतं. मी एक फोटो उचलला. चष्मा लावलेली शिक्षिका नवरी, मुंडावळ्या कानामागे खोचून खदखदून हसत होती. मला वाटलं, ही हवी. विजयाताईंनी तो हातातून घेतला आणि म्हणाल्या, अगं, चष्मेवाली नवरी कोण बघणार? मग माझ्या चष्म्याकडे बघून त्या हसल्या आणि मीही हसले.

मी माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाचे फोटो मोठ्या आशेने नेले होते. त्यांनी ते नीट पाहिले. नवऱ्याचा सफारी सूट, लाल मखमली खुर्च्या, मागे थर्माकोलचा ताजमहाल, बाजूला ऑर्केस्ट्रा. यात आगरी काय आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळेच आगरी आहेत. त्यावर त्या पुन्हा खणखणीत हसल्या. त्यांना हवं होतं ते शेणाने सारवलेलं अंगण, हिरव्या झावळ्यांचा मांडव, लुगडं आणि त्यात बसून गाणारी म्हातारी. आमच्याकडे जमिनी गेल्या, स्लॅबची घरं झाली, अंगणात लाद्या आल्या, हे मी सांगितलं. आमची लग्नं अशीच होतात आता, पण धवले अजून आहेत, एवढंच मी म्हणू शकले. त्या म्हणाल्या, मला तुझ्या आत्याला भेटायचंय.

आणि त्या खरंच आल्या. एकदा नाही, बऱ्याचदा. पहिल्यांदा आल्या तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता, पण त्यांनी पदर नाकाला लावला नाही. गोणपाटाशेजारी मांडी घालून बसल्या, जवळ्याची चटणी मागून घेतली, आत्याकडून भाकरी थापायला शिकायचा प्रयत्न करून ती फाडली आणि स्वतःलाच हसल्या. आईला त्या ताई म्हणायच्या. मला लिहायला सांगितलं. धवल्यांवर लेख लिही, तुझ्या नावाने छापू, असा शब्द दिला. मी तो लेख माडीवर बसून, वह्या फाडफाडून लिहिला. आमच्या घरात पहिल्यांदाच बाहेरचं कोणी आम्हाला बघायला आलं होतं आणि बघून पळालं नव्हतं. याची किंमत ज्याच्या शेजारची मुलगी पुढच्या बाकावर गेली आहे त्यालाच कळेल.

अडचण एकच होती आणि ती मासिकांच्या कामाच्या पद्धतीत होती. अंक दिवाळीला निघणार, म्हणजे फोटो पावसाळ्यात हवेत. आणि आषाढी एकादशी झाली की तुळशीचं लग्न लागेपर्यंत आमच्यात मांडव पडत नाही. देव झोपलेले असतात. विजयाताई आमच्या ओळखी काढेपर्यंत लग्नसराई संपून गेली होती. मला वाटलं, आता पुढच्या वर्षीच. तेवढ्यात श्रावणात एक दिवस त्या अचानक आल्या, नेहमीसारख्या हसल्या नाहीत, आणि आत्याचे हात हातात घेऊन बसल्या. त्यांच्या सख्ख्या भावाची मुलगी, तिचं लग्न ठरलंय. भाऊ अंथरुणाला खिळलाय. डॉक्टरांनी आशा सोडली आहे. तुळशीच्या लग्नापर्यंत थांबता येणार नाही. मुलगा चांगला आहे, त्याच्या घरच्यांना चातुर्मासाचं काही वाटत नाही, पण लग्न लावायला कोणी भटजी तयार होईना. भावाचं बालपण गव्हाणकडे गेलं, तिथल्या एका कौलारू घरात लग्न करायचंय, त्याने लहानपणी धवले ऐकले होते. तुम्ही लावाल का? बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी पाहिलं. आजही कोणी माझ्यासमोर रडलं की मी आधी त्या माणसाकडे जरा वेळ नुसती बघत बसते. ही सवय मला त्या दिवसाने लावली.

आत्याने लगेच होकार दिला नाही. तिने कुलदेवीपुढे तांदळाचा कौल लावला. दाणा पडला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तरी पडला नाही. आई म्हणाली, देव नाय बोलतो तर राहू द्या वन्स. बाबाही तेच म्हणाले. माझा चेहरा मात्र ‘हो म्हण’ असंच सांगत असणार. शेवटी भाकरी थापता थापता आत्या एकदम म्हणाली, "पोरीचा बाप मरतंय. देव झोपलेलं हाय, त्यांना मी उठवीन. रागावलं तर मना रागावतील. मी त्यांना सांगीन, माज्या शब्दावर या."

ही गोष्ट लहान नव्हती. धवलारीण देवाला बोलावते ते घरातल्यांच्या वतीने. इथे ती स्वतःच्या शब्दावर बोलावणार होती, कौल नसताना. गावात कळलं तर बायका तोंडावर बोलल्या असत्या, म्हणून ती कोणाला सांगून गेली नाही. जाण्याच्या आधी तिने उपास केला आणि ठेवणीतलं लुगडं काढलं.

गव्हाणजवळचं ते घर सुंदर होतं. सारवलेलं अंगण, हिरव्या झावळ्या, झेंडूच्या माळा. विजयाताईंच्या मनातलं लग्न जसंच्या तसं उभं होतं. माणसं मात्र थोडी होती आणि त्यांतली निम्मी कॅमेरे, दिवे आणि पांढऱ्या छत्र्या सांभाळत होती. मुंबईच्या माणसांचं लग्न, त्यातून घरात आजारपण, म्हणून माणसं कमी, अशी मी मनाची समजूत घातली. नवरी नाजूक, हसऱ्या डोळ्यांची, खालच्या ओठाशी तीळ असलेली. ती आपणहून वाकून आत्याच्या पाया पडली. आत्या तिथेच विरघळली. नवरा चहा पिताना नवरीला विचारत होता की तुझं पूर्ण नाव काय, आणि मला वाटलं, किती घाईत ठरलंय बिचाऱ्यांचं. त्या दिवशी मी सगळ्याला काही ना काही कारण शोधून देत होते. माणसाला विश्वास ठेवायचाच असला की तो असा मदतीला धावतो.

आत्याने पहिली चौकशी केली ती नवरीच्या बापाची. ते आतल्या खोलीत झोपलेत, त्रास नको, असं विजयाताई म्हणाल्या. दार बंद होतं. आत्याने आपला पाट उचलला आणि त्या बंद दाराच्या समोर नेऊन मांडला. फोटो काढणारा म्हणाला, आजी, इथे उजेड नाही, अंगणात बसा. आत्या हलली नाही. आतल्याला ऐकू गेला पायजे, एवढंच म्हणाली. मग त्यांनी दिवे तिकडे नेले. ती गायला बसली ती दाराकडे तोंड करून. मी तिचे धवले कितीतरी लग्नांत ऐकले होते, पण असे नाही. एकेका देवाला हाक मारताना ती थांबत होती, क्षमा मागत होती, या पोरीच्या बापासाठी या असं म्हणत होती, आणि आवाज दाराच्या फटीतून आत जावा म्हणून ताणत होती. मध्येच फोटो काढणारा म्हणाला, आजी, जरा थांबा, रोल बदलतो. सुरू झालेला धवला मध्ये तोडत नाहीत. ती थांबली नाही. लग्न लागल्यावर तिने तांदळाची पेज केली, मीठ घालून, आणि ती वाटी विजयाताईंच्या हातात देऊन म्हणाली, बापाला भरवा, माज्या हातची हाय सांगा. विजयाताई वाटी घेऊन आत गेल्या आणि दार लावून घेतलं. परत आल्या तेव्हा वाटी रिकामी होती.

त्यानंतर आत्याच्या डोक्यातून ते घर गेलंच नाही. पोरीचा बाप कसा हाय, असं ती मला दर आठवड्याला विचारायची. मी विजयाताईंना पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. मला वाटलं, गेले असतील बहुतेक, कोणत्या तोंडाने लिहिणार. आत्या नवरात्रात देवीपुढे बसली की त्या मुलीच्या नावानेही एक ओंजळ वाहायची. नांदत असंल ना पोर, असं म्हणायची. आपण लावलेल्या प्रत्येक लग्नाची ती अशी काळजी करायची. पण हे लग्न तिने स्वतःच्या शब्दावर लावलं होतं, म्हणून त्याची काळजी जास्त.

दिवाळीआधी अंक आला. वाचनालयात मी उभ्यानेच उघडला. आधी माझा लेख दिसला. त्याच्याखाली विजयाताईंचं नाव होतं. माझी वाक्यं, माझा स्वल्पविराम सुद्धा, आणि खाली त्यांचं नाव. मला रडू यायला लागलं होतं, पण पान उलटलं आणि ते रडू तिथेच अडकून राहिलं. आमचं लग्न दोन पानांवर होतं. आत्याचा मोठा फोटो, डोळे मिटलेले, तोंड उघडं, खाली नाव नाही, नुसतं ‘धवलारीण’. शेजारी ती नवरी, ओठाशी तीळ. पुढचं पान उलटलं तर पुण्याचं लग्न. नऊवारी शालू, नथ, चंद्रकोर, आणि ओठाशी तोच तीळ. त्याच्या पुढे कोल्हापूरचं लग्न, तिथेही तीच. प्रत्येक ठिकाणी नाव वेगळं, नवरा वेगळा, ओळख कशी झाली त्याची गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षं मी तोंडपाठ केलेली ती सगळी लग्नं माझ्या डोक्यात एकेक करून विझत गेली, आणि मग एकदम ते बंद दार आठवलं.

मी दुसऱ्याच दिवशी मुंबईला गेले, घरी कॉलेजचं निमित्त सांगून. विजयाताईंनी मला बसवलं, चहा मागवला. त्यांना जराही अवघडल्यासारखं झालं नव्हतं, आणि तेच मला सगळ्यांत लागलं. ती मुलगी नाटकांत कामं करायची. पावसाळ्यात खरी लग्नं आणायची कुठून, त्या मला समजावत होत्या, आणि आलेल्या फोटोंची लायकी तू पाहिलीसच. साड्यांचे दुकानदार, दागिन्यांचे दुकानदार जाहिराती देतात, त्यांना आपला माल नीट दिसायला हवा असतो. सगळीकडे असंच चालतं. मी विचारलं, आणि तुमचा भाऊ? त्यांनी आपल्या वाचायच्या चष्म्याच्या काड्या उघडमीट केल्या.

"अगं, त्याशिवाय त्या गायल्या असत्या का?"

मी म्हटलं, तिने देवांना शब्द दिला होता. विजयाताई मनापासून म्हणाल्या की तू शिकलेली मुलगी आहेस. मग फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, बघ तरी, किती खरं वाटतंय, खरं लग्न फोटोत इतकं खरं कधीच दिसत नाही. जाताना त्यांनी मला अंकाच्या दोन प्रती दिल्या, एक आत्यांसाठी. मी त्या स्टँडवरच्या बाकावर ठेवून आले. शिव्या द्यायला हव्या होत्या. आमच्या घराण्यात शिव्यांची कमतरता नव्हती, पण ऐन वेळी एकही तोंडात आली नाही, याचा मला आजही संताप येतो.

घरी मी काही बोलले नाही. पण अंक काय माझ्या एकटीच्या हातात होता? आमच्या शेजारणीच्या सुनेने तो आणला, नाचतच आली, ठमाआत्याचा फोटो छापून आलाय. आत्या तेव्हा बोंबील निवडत होती. हात पुसून तिने अंक मांडीवर घेतला. स्वतःचा फोटो बघून ती लाजली, तोंड उघडं हाय बग माजा, असं म्हणाली. आई हसली, सगळेच हसले. मग तिने नवरीचा फोटो शोधला, त्यावरून बोट फिरवलं, आणि आणखी आहेत का बघायला पान उलटलं. मी अंक घेण्यासाठी हात पुढे केला होता. तिने तो धरला आणि बाजूला केला. वाचता येत नसलेलं माणूस चित्र फार नीट बघतं. तिने मागे उलटलं, पुढे उलटलं, पुन्हा मागे.

"हिचा लगीन मी लावला ना मंदे. मंग यो दुसरा कोन?"

शेजारीण आणि तिची सून समोर बसलेली. मी सगळं सांगितलं. भाऊ नव्हता, आजार नव्हता, लग्नच नव्हतं. आई तोंडावर हात ठेवून बसली. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा विचारलं, "म्हंजे त्या पोरीचा बाप मरत नव्हता?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "बरा झाला." तिच्या चेहऱ्यावर खरोखर सुटल्यासारखं झालं. एवढ्या महिन्यांची तिची काळजी तेवढ्यापुरती उतरली. मग हळूहळू बाकीचं तिच्यापर्यंत पोचलं. त्या बंद दारामागे कोण होतं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही गं. ती उठली, अंक नीट मिटून शेजारणीच्या सुनेला परत दिला आणि पुन्हा बोंबील निवडायला बसली. मला वाटलं होतं ती गल्ली डोक्यावर घेईल. पाण्याच्या हंड्यावरून आभाळ खाली आणणारी बाई, पण त्या दिवशी तिने बोंबलांवरून डोकं वर केलं नाही.

तुळशीचं लग्न झालं, मांडव पडायला लागले, बोलावणी यायला लागली. ती कोणाकडेच गेली नाही. आधी गुडघ्याचं कारण सांगितलं, मग घशाचं. बाबा एकदा चिडले, लोक नाराज होतात म्हणाले. तेव्हा ती एकदाच बोलली आणि मीही तेव्हा तिथे होते. "देव झोपलेलं होतं. मी माज्या शब्दावर उठवून आणला त्यांना, रिकाम्या दारात उभा केला. आता खरा लगीन हाय सांगितला तर ते माना डोलवतील?" गावोगावी लोकांनी कॅसेट लावायला सुरुवात केली, काहींनी भटजी बोलावले. तिच्या सासूने तिला दिलेलं तिने कोणाला दिलं नाही. मी शिकेन म्हटलं तर म्हणाली, कोनच्या शब्दावर शिकवू?

माझी भाची आता लग्नाआधीच लग्नाचे फोटो काढते, समुद्रावर, साड्या बदलून बदलून. मी ही गोष्ट तिला सांगितली तर म्हणाली, मावशी, त्या बाईंनी तसं वाईट काय केलं, शूटच होतं ना? मला लोक असंही म्हणतात की इतकी वर्षं झाली, सोडून दे, त्या बाई गेल्याही असतील. असतील. मी सोडलेलं नाही. फसवायचं असतं तर मला फसवायचं होतं. माझा लेख नेला तर नेला, मी दुसरे लिहिले. पण त्या घरात आमची भाकरी खाऊन त्यांनी नेमकं ओळखलं होतं की या बाईला कशाने हलवता येईल, आणि तेच वापरलं.

माझं लग्न त्यानंतर काही वर्षांनी झालं, पनवेललाच, हॉलमध्ये. हळद मात्र घरी होती. मला शेवटपर्यंत वाटत होतं की माझ्यासाठी तरी ती गाईल. मी तोंडाने मागितलं नाही, ती समजून घेईल असं वाटलं. गोणपाटं आवरून पुढची खोली मोकळी केली होती आणि पाटावर मी बसले होते. आत्या माझ्या हातांना हळद लावत होती. माझ्या सासूबाई रोडपालीच्या, जुन्या वळणाच्या. त्यांना आत्या कोण हे माहीत नव्हतं. बायका बसल्या, पण कोणी गाईना, तेव्हा त्या इकडेतिकडे बघत आत्यालाच विचारत्या झाल्या, "तुमच्यात धवलारीण नाय का ओ?"

आत्याचा हात माझ्या मनगटावर थांबला. मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"व्हती," ती म्हणाली, आणि माझा दुसरा हात हळदीला ओढून घेतला.